ठोक्यांचं गणित: एकच नोंद, चार पद्धती, चार उत्तरं

खटपट्या (मंगळवार, रात्री १०:४२)

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

बाबा ७३ वर्षांचे. दिवाळीपासून त्यांची एकच तक्रार, "छातीत मधूनच मासा उसळल्यासारखं होतं." कार्डिओग्राम काढला तर साफ. तो काढतात दहा सेकंदांचा. तेवढ्यात मासा उसळला नाही तर कागदावर उमटणार काय? डॉक्टरांनी २४ तासांचं होल्टर (अंगावर बाळगायचं, ठोके सतत नोंदणारं यंत्र) लावायला सांगितलंय, नंबर पुढच्या गुरुवारचा.

मी पडलो इलेक्ट्रॉनिक्सवाला, गुरुवारपर्यंत कसला थांबतोय. कपाटात एडी८२३२चं (हृदयाचा सिग्नल उचलणारं) मोड्यूल पडून होतं, एक ईएसपी३२ (छोटा प्रोसेसर बोर्ड) होता. चिकटवायचे इलेक्ट्रोड आणले आणि रविवारी दुपारी बाबांना आरामखुर्चीत बसवून अर्धा तास नोंद घेतली. सेकंदाला २५० नमुने. (आई म्हणाली, "त्यांच्यावर प्रयोग करण्यापेक्षा तो गीझर बघ.")

मग बसलो पद्धती लावत.

पहिली, पॅन आणि टॉम्पकिन्स या जोडीची १९८५ सालची. सिग्नल ५ ते १५ हर्ट्झच्या चाळणीतून काढायचा, त्याचा उतार घ्यायचा, उताराचा वर्ग करायचा म्हणजे उणंअधिक जाऊन टोकदार ते आणखी टोकदार होतं, मग १५० मिलिसेकंदांच्या सरकत्या खिडकीतून सरासरी. आर टोकं, म्हणजे प्रत्येक ठोक्यातला उंच सुळका, झक्क उभी राहतात. आज कुणी नवी रीत काढली तरी पहिली तुलना हिच्याशीच होते. आर ते आर अंतरं मिळाली की त्यांचा आरएमएसएसडी काढला: शेजारच्या अंतरांतले फरक, त्यांचे वर्ग, सरासरी, वर्गमूळ. बाबांचा आकडा आला २०० मिलिसेकंदांच्या वर. माझा स्वतःचा ३१. माझ्या कोडचा निकाल: एएफ, म्हणजे ॲट्रियल फिब्रिलेशन.

दुसरी, फूरिये, म्हणजे सिग्नलमध्ये कुठली वारंवारिता किती आहे ते बघायचं. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, ती थरथर साधारण ४ ते ९ हर्ट्झमध्ये दिसते असं वाचलं होतं. बाबांच्या आलेखात तिथे उंचवटे आहेत. पण माझ्याही आहेत!

तिसरी, वेव्हलेट, म्हणजे सिग्नल बारीक-ठोकळ पातळ्यांत फोडून बघायचा. आर टोकं जवळपास तीच सापडली, चार जास्त. एवढी मेहनत करून चार.

चौथी, आयतं शिकवलेलं न्यूरल नेटवर्क, २०१७च्या फिजिओनेट स्पर्धेच्या (कोडने हृदयाची लय ओळखायची स्पर्धा) डेटावर तयार केलेलं. ते अर्ध्या वेळा म्हणतं "इतर", अर्ध्या वेळा "गोंगाट".

पॅन-टॉम्पकिन्सच्या आलेखात पी लहर (आर टोकाआधीचा, वरच्या कप्प्यांचा छोटा उंचवटा) कुठेच दिसत नाही. पी लहर नाही, अंतरं वेडीवाकडी, म्हणजे एएफच ना? दोन रात्री झोप नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.


मोगरा७ (मंगळवार, रात्री १०:५८)

वाचतेय. पण काका चक्कर येते, दम लागतो असं म्हणाले तर गुरुवारची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.


घाटावरचा (मंगळवार, रात्री ११:१५)

आधी एक सांगा, नोंद घेताना लॅपटॉप चार्जरला होता का? असेल तर कान पकडा. माणूस जोडलेला असताना सगळं बॅटरीवरच चालवायचं. घरगुती मोड्यूलमध्ये दवाखान्याच्या मशीनसारखं विलगीकरण नसतं.

दुसरं, नॉच फिल्टर (विजेच्या वायरींची गुणगुण काढणारा) कितीचा लावलाय? आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एका अमेरिकन पोराचं कोड उतरवलं होतं. सिग्नलवर सुरवंटाच्या केसांसारखी लव. इलेक्ट्रोड बदलले, वायरी बदलल्या, मित्राची छाती दोनदा दाढीच्या ब्लेडने साफ केली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, फिल्टर ६० हर्ट्झचा आहे आणि आपली वीज ५०ची. मित्र अजून बोलून दाखवतो.


खटपट्या (मंगळवार, रात्री ११:३१)

बॅटरीवरच होता, तेवढी अक्कल आहे. :)

नॉच बघितला. ६०. आता काय बोलू.


शुभदा_क (बुधवार, सकाळी ७:२०)

मी होल्टरच्या नोंदी तपासायचं काम करते, १४ वर्षं झाली. डॉक्टर नाही, पण पट्ट्या खूप बघितल्यात.

खटपट्या, "अनियमित आहे" एवढ्यावर आम्ही एएफ लिहीत नाही. आधी बघतो, अनियमित कसं आहे? एएफ म्हणजे ठिकाणाच नाही, कुठल्याही दोन ठोक्यांत कितीही अंतर. पण कधी कधी लय बरोबर चाललेली असते आणि मधेच एखादा ठोका आगाऊपणे लवकर येतो. त्यानंतर एक थांबा, आणि पुन्हा सगळं सुरळीत. हे एक्टोपिक. दोन्हींत आकडे वरखाली होतात, पण दोन्ही एक नव्हेत.

तुमची अंतरं टाका बघू, सलग पाच-सहा.


खटपट्या (बुधवार, सकाळी ८:०५)

शुभदाताई, ही घ्या: ८००, ८०४, ५२०, ९६०, ८००. असं सारखं येतं, कधी पाच ठोक्यांनी, कधी बारा-पंधरांनी.


गणोबा (बुधवार, सकाळी ९:४८)

शुभदाताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. आकडेमोडीचा मान मला द्या.

तुमच्या पाच अंतरांतले फरक ४, उणे २८४, ४४०, उणे १६०. आरएमएसएसडी २७४. आता मी एएफला शोभतील अशी पाच अंतरं मनाने लिहितो: ६२०, ९०८, ५४०, ७७२, १००८. याचा आरएमएसएसडी २८६. म्हणजे तुमच्या निकषाला ही दोन माणसं जवळजवळ सारखीच. वर्ग केला की एकच मोठी उडी सगळी सरासरी ओढून नेते, आणि शेवटी हातात एकच आकडा उरतो. ठोके कुठल्या क्रमाने आले ते त्यात बुडालं.

क्रम बघायचा तर पॉन्कारे आलेख काढा. आडव्या अक्षावर हे अंतर, उभ्यावर पुढचं. शांत लयीचा ठिपक्यांचा पुंजका कर्णावर लांबट बसतो. एएफमध्ये पंख्यासारखे सगळीकडे विखुरतात. आणि तुमच्यासारखा मधूनच एखादा लवकरचा ठोका असेल तर? साधं-साधं, साधं-लहान, लहान-मोठं, मोठं-साधं, या चारच जोड्या शक्य आहेत. म्हणजे कर्णावर एक मोठं बेट आणि भोवती तीन छोटी. काढून बघा. शिकरण करायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.


खटपट्या (बुधवार, सकाळी १०:१०)

ऑफिसात आहे तरी काढला. बेटं चार. एकदम स्वच्छ, मधे समुद्र. दंडवत घ्या गणोबा.

पण मग पी लहर का दिसत नाही?


शुभदा_क (बुधवार, दुपारी १:३५)

पी लहर कुठल्या सिग्नलमध्ये शोधताय?


खटपट्या (बुधवार, दुपारी १:५२)

...

५ ते १५ हर्ट्झच्या चाळणीतून काढून, उतार घेऊन, वर्ग केलेल्या. ताई, मी आता गीझर बघायला जातो.


शुभदा_क (बुधवार, दुपारी २:२०)

अहो होतं असं. :) ती चाळणी केलीच आहे आर टोक सोडून बाकीचं दाबायला. पी लहर बसकी आणि गोल, तिचं बरंचसं अंग खालच्या वारंवारितेत. चाळणीने अर्धी नेली, उताराने उरलेली. मूळ सिग्नल काढा, फक्त ५०ची लव आणि अगदी खालचं श्वासाचं डोलणं काढून टाका. मग लवकर आलेल्या ठोक्याच्या आधी बघा. पी बहुतेक आधीच्या टी लहरीच्या (आर टोकानंतरचा गोल उंचवटा) पाठीवर चढून बसलेली असेल. टी नेहमीपेक्षा टोकदार किंवा कुबड आल्यासारखी दिसते. नवीन मुलींना शिकवताना मी म्हणते, सगळ्या टी एका ओळीत बघ आणि वेगळी दिसेल तिच्यावर संशय घे.

आणखी एक. तुमचे ५२० आणि ९६० मिळून १४८०. दोन साधी अंतरं मिळून १६००. बेरीज कमी भरली, म्हणजे ठोका वरच्या कप्प्यातून आला असण्याची शक्यता जास्त. त्याने वरचं घड्याळच नव्याने सुरू केलं. खालच्या कप्प्यातला ठोका सहसा घड्याळाला हात लावत नाही, बेरीज पूर्ण भरते, आणि ठोक्याचा आकारही रुंद, बेढब असतो. अपवाद असतात, म्हणून आकार बघितल्याशिवाय मी सही करत नाही.


गणोबा (बुधवार, दुपारी २:४४)

तुमच्या तिसऱ्या पद्धतीवर अन्याय झालाय. वेव्हलेटला तुम्ही फक्त आर शोधायला लावलंत, म्हणजे सोनाराच्या तराजूत कांदे तोलले. तिची खुबी अशी की एकच सिग्नल वेगवेगळ्या पातळ्यांवर बघता येतो. बारीक पातळ्यांवर आर, ठोकळ पातळ्यांवर पी आणि टी, आणि वेळेची जागाही हातून सुटत नाही. १९९५ साली ली, झेंग आणि ताई यांनी वर्गीय स्प्लाइन वेव्हलेट घेऊन हेच केलं: आर पहिल्या चार पातळ्यांवर, पी-टी चौथ्या-पाचव्यावर. फूरियेमध्ये नेमकी वेळच हरवते. अर्ध्या तासाचं सगळं एका ताटात कालवलं की कुठला ठोका कधी आला ते कोण सांगणार?


रिकामटेकडा (बुधवार, संध्याकाळी ६:१२)

एवढा खटाटोप कशाला? बाबांना घड्याळ घेऊन द्या. मनगटावर बांधलं की एएफ असेल तर आपोआप सांगतं. पॅन-टॉम्पकिन्स आता कालबाह्य झाले.


दूरदेशी (बुधवार, रात्री ९:३०)

इकडे सकाळ आहे, कामाला लागायच्या आधी लिहितो. माझं कामच या विषयातलं आहे.

रिकामटेकडा, ॲपल हार्ट स्टडीत ४,१९,२९७ लोक होते. अनियमित नाडीची सूचना गेली २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्के. त्यातल्या ज्यांनी नंतर छातीला लावायचा पॅच वापरून परत पाठवला त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांना पॅचवर एएफ सापडलं. घड्याळ खोटं बोलत होतं असं नाही. येऊन-जाऊन असणारं एएफ पॅच लावेपर्यंत दडलेलं असू शकतं. पॅच अंगावर असताना सूचना आली तेव्हा ८४ टक्के वेळा एएफ खरंच चालू होतं. पण ही सूचना देताना घड्याळ बघतं काय, तर हिरव्या प्रकाशात मनगटातल्या रक्ताची लाट. पी लहर त्याला दिसूच शकत नाही. शिवाय फार लवकर आलेला ठोका इतका अशक्त असतो की लाट मनगटापर्यंत पोचतच नाही.

खटपट्या, आता तुमचं नेटवर्क. २०१७चा डेटा सेकंदाला ३०० नमुन्यांचा आहे. तुमचे २५० आहेत. बदलून दिलेत का?


खटपट्या (बुधवार, रात्री ९:४१)

नाही. आज माझा वाढदिवस आहे का?


दूरदेशी (बुधवार, रात्री ९:५५)

:) मग नेटवर्कला तुमचे बाबा ७५ ऐवजी ९०च्या गतीने धावताना दिसले, सगळे ठोके अरुंद, वर ५०ची लव. ते "गोंगाट" म्हणालं यात त्याचा काय दोष?

त्या स्पर्धेची गंमत सांगतो. शिकायला ८,५२८ नोंदी, प्रत्येक ९ ते ६० सेकंदांची, चार रकाने: साधी लय, एएफ, इतर, गोंगाट. शेवटी चार संघ ०.८३ गुणांवर बरोबरीत पहिले. त्यात आपल्या टीसीएसच्या संशोधन विभागाचा संघ होता, आणि त्यांची रीत खोल नेटवर्कची नव्हती. हातांनी काढलेली वैशिष्ट्यं आणि पायरीपायरीने दोन-दोन वाटा करणारं वर्गीकरण. दुसऱ्या एका विजेत्या संघाने तर पट्टीचा तर्काने अर्थ लावणारी पद्धत वापरली होती. म्हणजे २०१७पर्यंत तरी शुभदाताईंची नजर आणि नेटवर्क एकाच बाकावर बसली होती.

२०१९ साली स्टॅनफर्डच्या गटाने ३४ थरांचं नेटवर्क काढलं, ५३,५४९ रुग्णांच्या ९१,२३२ नोंदींवर शिकवलेलं. सरासरी एफ१ गुण (आजार सुटणं आणि उगाच पकडणं, दोन्ही चुका धरणारा आकडा) ०.८३७, हृदयरोगतज्ज्ञांचे ०.७८०. हे मोठं काम आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण बघा, सगळ्या नोंदी एकाच प्रकारच्या पॅचच्या. तुमच्या आरामखुर्चीतल्या सिग्नलला ते असेच गुण देईल असं कुणी लिहून दिलेलं नाही.

आणि "९९ टक्के अचूकता" असा निबंध दिसला की मी आधी एकच गोष्ट बघतो: शिकवणीचे आणि परीक्षेचे ठोके वेगळ्या माणसांचे आहेत का? एमआयटी-बीआयएचच्या संग्रहात (कार्डिओग्रामच्या नोंदींचा जुना, सर्रास वापरला जाणारा साठा) ४८ नोंदी आहेत, प्रत्येकी अर्ध्या तासाची, १९७५ ते १९७९ या काळात बॉस्टनमध्ये घेतलेल्या. एक लाखाच्या वर ठोके. ते पत्त्यांसारखे पिसून वाटले की एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे जातात. नेटवर्क आजार शिकत नाही, माणूस ओळखायला शिकतं. २००४ साली डी शाझाल आणि मंडळींनी पेसमेकरवाल्या चार नोंदी वगळून २२-२२ अशी माणसांनुसार वाटणी केली, ती आता रूढ आहे. त्यातही एक मेख. ४८ नोंदी, पण माणसं ४७. २०१ आणि २०२ या नोंदी एकाच माणसाच्या, आणि त्या वाटणीत २०१ शिकवणीत गेली, २०२ परीक्षेत!


गणोबा (बुधवार, रात्री १०:२०)

हे २०१-२०२ माहीत नव्हतं. वहीत लिहून ठेवलं.

रिकामटेकडा यांच्यासाठी थोडी बाजारातली आकडेमोड. समजा १०,००० तरुण लोकांनी यंत्र लावलं आणि त्यात शंभरातल्या एकाला एएफ आहे. यंत्र १०० पैकी ९८ आजारी बरोबर पकडतं आणि १०० निरोगी माणसांपैकी फक्त ५ जणांना उगाच घाबरवतं. छान यंत्र की नाही? खरे पकडले ९८. उगाच घाबरवले ४९५. सूचना आलेल्या सहांतला एकच खरा. हेच यंत्र ज्यांना लक्षणं आहेत अशा सत्तरीच्या लोकांना लावलं तर चित्र पार बदलतं. यंत्र तेच.


रिकामटेकडा (बुधवार, रात्री १०:३३)

बरं, शब्द मागे. पण मग नियमित ठोके म्हणजे सगळं ठीक, एवढं तरी धरून चालू का?


शुभदा_क (गुरुवार, सकाळी ७:०५)

तेवढं तर मुळीच धरू नका. फ्लटर ऐका. वरचा कप्पा मिनिटाला साधारण ३०० वेळा गोल-गोल फिरतो, खाली त्यातला दर दुसरा ठोका पोचतो. पट्टीवर काय दिसतं? १५०. घड्याळाच्या काट्यासारखं नियमित. आरएमएसएसडी जवळजवळ शून्य, पॉन्कारेत एक टिंब. अंतरांवर चालणारी प्रत्येक पद्धत म्हणेल, वा, काय शिस्त! आणि माणूस समोर घामाघूम.


गणोबा (गुरुवार, सकाळी ९:३०)

इथे फूरियेला दिवस चांगले येतील का? ३०० म्हणजे ५ हर्ट्झ, तिथे टोक दिसायला हवं.


दूरदेशी (गुरुवार, सकाळी ९:५०)

रात्रीचं जागरण तुमच्यामुळे. नाही येत. खालचे १५० म्हणजे २.५ हर्ट्झ, आणि त्याची दुप्पट बरोबर ५. फ्लटरचं टोक आणि ठोक्यांचाच दुसरा हार्मोनिक एकाच जागी. बरं, मग सरासरी ठोका काढून सिग्नलमधून वजा करू म्हटलं, की एएफमध्ये जशी थरथर उरते तसं काही उरेल, तर फ्लटर ठोक्यांच्या पावलात पाऊल टाकून चालतो. सरासरीत तोही येतो आणि वजाबाकीत तोही जातो. फार सुंदर सापळा आहे.


शुभदा_क (गुरुवार, दुपारी १:४०)

डॉक्टर तिथे सिग्नलशी झटापट करत बसत नाहीत. शिरेतून ॲडेनोसिन देतात. वरून खाली जाणारी वाट काही सेकंद अडते, खालचे ठोके थांबतात आणि फ्लटरच्या लहरींचे करवतीसारखे दाते उघडे पडतात. पट्टी चालू ठेवून उभं राहायचं ते तेवढ्या सेकंदांसाठी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्याच छातीत मासा उसळला होता.


घाटावरचा (गुरुवार, दुपारी २:०२)

+१. या एका प्रतिसादासाठी धागा वसूल.


खटपट्या (शनिवार, नऊ दिवसांनी, रात्री ८:१५)

धागा वर काढतोय.

नॉच ५०चा केला, २५०चे ३०० केले, मूळ सिग्नल मोठा करून बघितला. साध्या ठोक्यांआधी पी लहर आहे, अगदी लाजरी पण आहे. लवकरच्या ठोक्यांआधीच्या टीला कुबड आहे, ताई म्हणाल्या तस्संच. आणि नेटवर्क आता "गोंगाट" म्हणत नाही. सगळीकडे "इतर". म्हणजे तो बिचारा पहिल्यापासून अर्ध्या वेळा बरोबर होता आणि ज्याच्यावर माझा भरवसा होता तो आरएमएसएसडी पूर्ण चुकला होता.

होल्टरचा रिपोर्ट आला. वरच्या कप्प्यातले एक्टोपिक, बरेच. सलग सहा ठोक्यांची एक धाव. २४ तासांत एएफ नाही. डॉक्टर म्हणाले, असे ठोके बरेच असले की पुढे एएफ होण्याची शक्यता वाढते, म्हणून जास्त दिवसांची नोंद घेऊ. रक्त पातळ करायची गोळी आत्ता नाही.

होल्टरबरोबर दिलेल्या वहीत बाबांनी "मासा" असं ११ वेळा वेळेसकट लिहून ठेवलं होतं. पट्टीशी ताडून बघितलं, नऊ जुळले. मजा म्हणजे त्यांना लवकरचा ठोका कळतच नाही. थांब्यानंतरचा जो दणकट ठोका येतो तो कळतो.


शुभदा_क (शनिवार, रात्री ८:४०)

११ पैकी ९ फार छान. आमच्याकडे वही बहुतेक वेळा कोरी परत येते. काकांना नमस्कार सांगा.


गणोबा (शनिवार, रात्री ९:०३)

खटपट्या, ती अर्ध्या तासाची फाइल इथे चढवता का? एन्ट्रॉपी (क्रमातला बेभरवसेपणा मोजणारा आकडा) लावून बघायची आहे. बेटं आणि पंखा यांत तिला फरक कळतो का ते पाहू.


खटपट्या (शनिवार, रात्री ९:२६)

बाबांना विचारलं. म्हणाले, दे की. नाव काढून टाक, आणि वय ७० लिही.